निरोगी माणसाच्या मेंदूतील बुरशीचा संसर्ग: कोल्हापूर परिसरातील रुग्णांच्या नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली, निपाणी आणि कोकणाला लागून असलेल्या तालुक्यांतून मेंदूज्वराचे किंवा मेंदूतील गाठीचे रुग्ण उपचारासाठी कोल्हापुरात येतात. त्यांतील बहुतेकांना जिवाणू, विषाणू किंवा क्षयरोग यांपैकी एखादे कारण असते, तर फारच थोड्यांच्या मेंदूत बुरशी सापडते. या थोड्यांतही काही जण असे असतात की ज्यांना मधुमेह नाही, एचआयव्ही नाही, कर्करोगाची औषधे चालू नाहीत आणि जे आजारी पडेपर्यंत उसाच्या फडात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत पूर्ण पाळी करत होते. अशा माणसाच्या बाबतीत बुरशीची शंका लवकर कोणाच्या मनात येत नाही, आणि निदानाला होणाऱ्या उशिराचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. खालील उत्तरे नातेवाइकांना प्रश्न नेमके विचारता यावेत म्हणून लिहिली आहेत. औषधाची मात्रा मात्र उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील.

माझा भाऊ चाळिशीतला, धडधाकट आणि निर्व्यसनी आहे. त्याच्या मेंदूत बुरशी कशी गेली?

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत, मातीत आणि कुजणाऱ्या लाकडात असतात व आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. बहुतेक वेळा फुफ्फुसातील पेशी त्यांचा तिथेच नाश करतात. काही मोजक्या जातींना मात्र मेंदूत वाढण्याची विशेष क्षमता असते, आणि त्या फुफ्फुसातून रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात. दुसरी वाट नाकाशेजारच्या सायनसमधून हाड पोखरत वर जाणारी असते. तिसरी, क्वचित आढळणारी वाट म्हणजे डोक्याला झालेली खोल जखम किंवा मणक्यात दिलेले दूषित इंजेक्शन.

आपल्या भावाने काही चूक केली म्हणून हा आजार झालेला नाही. घरात हा दोष कोणाच्याही माथी मारू नये, कारण त्यात रुग्णाचे मन खचते आणि उपचार लांबतात.

अशा कोणकोणत्या बुरशी आहेत?

धडधाकट माणसात मेंदूज्वर करणाऱ्या बुरशींमध्ये क्रिप्टोकोकस महत्त्वाची आहे. तिची निओफॉर्मन्स ही जात कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि कुजक्या लाकडात आढळते व मुख्यतः प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना गाठते, परंतु भारतात निरोगी रुग्णांतही ती दिसते. गॅटी ही तिची भावंड जात झाडांशी निगडित आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ती निलगिरीच्या झाडांवरून वेगळी केली, आणि १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तिची जी साथ आली तिच्यातले अनेक रुग्ण आधी निरोगी होते.

मेंदूत गळू करणाऱ्या बुरशींमध्ये क्लॅडोफियालोफोरा बॅन्शियाना हे नाव मराठी वाचकाने ऐकलेले नसते, पण भारतीय डॉक्टरांनी ते विसरून चालणार नाही. ही काळसर रंगाची बुरशी आहे. तिच्या भिंतीतील मेलॅनिनमुळे शरीरातील संरक्षक पेशींना ती सहज मारता येत नाही, आणि जगभर नोंदवल्या गेलेल्या रुग्णांत भारतातील रुग्णांचा वाटा मोठा आहे. अशा काळ्या बुरशींच्या मेंदूसंसर्गाच्या १०१ रुग्णांचा एक आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून अधिक जणांच्या प्रतिकारशक्तीत कोणताही ज्ञात दोष नव्हता. २०२१ साली करोनानंतर ‘काळी बुरशी’ या नावाने घरोघरी पोहोचलेला म्युकरचा आजार याहून पूर्णपणे वेगळा आहे व त्याचे औषधही वेगळे आहे. वर्तमानपत्रांतील त्या नावामुळे आजही नातेवाइकांचा घोळ होतो.

उष्ण व कोरड्या प्रदेशांत, आणि भारतातही, ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सायनसमध्ये सावकाश वाढते. महिनोन्‌महिने नाक बंद राहते, एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, आणि मग डोकेदुखी किंवा फिट येऊन मेंदू बाधित झाल्याचे कळते. या रुग्णांची प्रतिकारशक्ती बहुधा चांगली असते.

आमच्या घरी कबुतरांची ढाबळ आहे आणि बांधावर निलगिरी आहे. ती काढून टाकावी का?

झाडे तोडण्याची गरज नाही. ढाबळही मोडण्याची गरज नाही, पण ती कोरडी झाडणे बंद करावे. विष्ठेवर आधी पाणी मारावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि मगच ती खरवडून काढावी. एखाद्याला स्टेरॉईड चालू असेल किंवा मूत्रपिंड बदललेले असेल, तर त्याने ढाबळीच्या साफसफाईपासून दूरच राहावे.

गुऱ्हाळावरच्या चिपाडाची धूळ किंवा पुराच्या ओलीने भिंतींवर आलेली बुरशी मेंदूत जाते का?

२०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांनंतर ही भीती अनेकांनी बोलून दाखवली. ओलसर भिंतींवरच्या बुरशीमुळे दमा आणि ॲलर्जी वाढते. साठवलेल्या चिपाडाच्या धुळीने फुफ्फुसाचा एक वेगळा आजार होतो. यांपैकी कशाचाही अर्थ मेंदूला बुरशी लागणार असा नाही. घर कोरडे करावे, भिंती घासून रंगवाव्यात, खोकला टिकल्यास छातीचा एक्स-रे काढावा. इतके पुरेसे आहे.

कोणती लक्षणे दिसल्यावर थांबू नये?

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, विशेषतः पहाटे उलटीसह येणारी, हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. बुरशीच्या मेंदूज्वरात ताप अगदी किरकोळ असतो किंवा नसतोच, आणि मान आखडलेली असेलच असे नाही. त्यामुळे अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, ‘पित्ताची डोकेदुखी’ अशी नावे देत आठवडे निघून जातात. दोन-दोन दिसणे, नजर अंधुक होणे, ऐकू कमी येणे, स्वभाव बदलणे, हिशोब चुकू लागणे, पहिल्यांदाच फिट येणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मेंदूविकाराची सोय असलेल्या अन्य रुग्णालयात जावे.

आमच्या रुग्णाला मेंदूचा टीबी सांगून औषधे सुरू केली आहेत, पण महिन्यानंतरही फरक नाही. बुरशी असू शकते का?

असू शकते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे.

क्षयरोगाचा मेंदूज्वर आणि क्रिप्टोकोकसचा मेंदूज्वर यांच्यात पाठीतले पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, जो पाठीत सुई घालून काढतात) जवळजवळ सारखेच दिसते. दोन्हींत लिम्फोसाइट पेशी वाढतात, प्रथिने वाढतात आणि साखर कमी होते. क्षयरोगाच्या शंकेसाठी करतात ती एडीए ही चाचणीही दोन्हींमध्ये वाढलेली येऊ शकते. आपल्याकडे क्षयरोग कितीतरी अधिक आढळतो, आणि त्याचा उपचार लांबवला तर रुग्ण दगावतो. म्हणून अहवालांची वाट न पाहता टीबीची औषधे सुरू करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय पुष्कळदा योग्यच असतो. क्षयरोगाचे जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी नकारात्मक आली तरी मेंदूचा क्षयरोग नाही असे म्हणता येत नाही, हेही खरे आहे.

अडचण पुढे येते. अंदाजाने सुरू केलेले निदान कागदावर पक्के होते आणि नंतर ते कोणी तपासून पाहत नाही. त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे की ज्या दिवशी पहिल्यांदा पाठीतले पाणी काढले जाईल, त्याच दिवशी त्या पाण्याची क्रिप्टोकोकस प्रतिजन चाचणीही (बुरशीचे अंश शोधणारी) व्हावी, मग रुग्ण कितीही धडधाकट असो. ही पट्टीवरची चाचणी काही मिनिटांत निकाल देते, स्वस्त आहे आणि अतिशय विश्वासार्ह आहे. काळ्या शाईत पाणी मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी पद्धत उपयोगी आहे, पण एचआयव्ही नसलेल्या रुग्णात बुरशीची संख्या कमी असल्यामुळे ती अनेकदा नकारात्मक येते. केवळ तिच्यावर विसंबून बुरशी नाही असे ठरवू नये.

टीबीच्या औषधांतील रिफॅम्पिसिनबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) इतके चेतवते की व्होरिकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधांची रक्तातील पातळी नगण्य होते. ते बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो. म्हणून ‘दोन्ही आजारांची औषधे एकदमच देऊन टाका’ हा नातेवाइकांचा आग्रह रुग्णाच्या हिताचा नसतो. टीबीची औषधे स्वतःहून थांबवू मात्र नयेत.

पाठीतले पाणी काढल्याने माणूस अधू होतो, असे गावात सांगतात.

तसे होत नाही. सुई पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो तिथे घातली जाते. मेंदूत मोठी गाठ असल्यास धोका असतो, म्हणून त्याआधी स्कॅन पाहतात. काही दिवस डोके दुखू शकते.

या आजारात तर पाणी काढणे हा उपचाराचाही भाग आहे. बुरशीमुळे पाण्याचा निचरा तुंबतो, मेंदूतला दाब वाढतो आणि त्या दाबाने कायमची दृष्टी जाऊ शकते. निरोगी माणसात झोपलेल्या स्थितीत हा दाब साधारण २० सेंटिमीटरपर्यंत (पाण्याच्या स्तंभाची उंची) असतो. तो २५ किंवा अधिक आढळला आणि डोकेदुखी, उलट्या चालू असल्या, तर २० ते ३० मिलिलिटर पाणी काढून दाब उतरवतात आणि गरज पडल्यास हे रोज करतात. तरीही दाब राहिला तर न्यूरोसर्जन शंट (तुंबलेले पाणी वळवणारी बारीक नळी) बसवतात. औषधे उत्तम मिळूनही दाबाकडे दुर्लक्ष झाल्याने डोळे गमावलेले रुग्ण आहेत. म्हणून प्रत्येक वेळी दाब मोजला का, हे विचारण्यात नातेवाइकांनी संकोच करू नये.

एवढा महागडा एमआरआय काढला, त्यात बुरशी दिसत नाही का?

एमआरआय जागा, आकार आणि सूज दाखवतो. जीव कोणता ते क्वचितच सांगतो. बुरशीचे गळू, जिवाणूंचे गळू, क्षयरोगाची गाठ आणि कर्करोग ही चारही चित्रे एकमेकांसारखी दिसू शकतात. गळूच्या भिंतीतून आत आलेले फाटे किंवा स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआयवरच गाठीतील रसायने पाहण्याची पद्धत) दिसणारा ट्रेहॅलोज या साखरेचा उंचवटा बुरशीकडे बोट दाखवतो, पण खात्री ऊतींच्या तपासणीनेच होते. त्याबरोबर छातीचा आणि सायनसचा सीटी स्कॅन जरूर काढावा. तिथे डाग सापडला तर मेंदूला हात न लावता तिथला तुकडा तपासता येतो.

गाठीचा तुकडा काढणार आहेत. नातेवाइकांनी कशाची खात्री करावी?

एकाच गोष्टीची: तुकड्याचे दोन भाग व्हावेत. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे जाईल आणि दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, त्याच तासाला, मायक्रोबायोलॉजीकडे जाईल.

फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या ऊतीतली बुरशी मरते आणि मग तिचे कल्चर (प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) कधीच करता येत नाही. कर्करोगाची गाठ समजून शस्त्रक्रिया होते, सगळा नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो आणि आठवड्याने अहवाल येतो की आत बुरशीचे तंतू आहेत. तोवर ती कोणती जात हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची संधी हातची गेलेली असते. जात कळणे ही केवळ अभ्यासाची हौस नव्हे. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर उत्तम चालते, पण म्युकरवर त्याचा काहीच उपयोग होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, पडदे नसलेले तंतू म्युकरकडे, बारीक व पडदे असलेले तंतू ॲस्परजिलसकडे आणि तपकिरी तंतू काळ्या बुरशीकडे निर्देश करतात. हे केओएच तपासणीत (नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) शस्त्रक्रियेच्या दिवशीच कळू शकते.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘बुरशीची शंका’ हे शब्द लिहिलेले असावेत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याच्या दृष्टीने हे अतिशय मोलाचे असते, कारण मग नमुना खलात घोटायचा नाही, कल्चर लवकर फेकायचे नाही आणि कल्चरची बशी जैवसुरक्षा कपाटाबाहेर उघडायची नाही, हे त्याला आधीच कळते. क्लॅडोफियालोफोराचे बीजाणू कर्मचाऱ्यांसाठीही धोक्याचे असतात.

कल्चरचा अहवाल यायला इतके दिवस का लागतात?

क्रिप्टोकोकस साधारण आठवड्याच्या आत वाढते, काळ्या बुरशींना दोन ते तीन आठवडे लागू शकतात, आणि चार आठवड्यांपर्यंत काहीच न वाढल्याशिवाय कल्चर नकारात्मक म्हणू नये. जात ओळखता आली नाही तर स्थानिक प्रयोगशाळा ती चंदीगडच्या पीजीआयमधील बुरशी संदर्भ केंद्राकडे पाठवू शकते, तिथे जनुकीय क्रमावरून ओळख पटवली जाते. फॉर्मॅलिनमध्येच अडकलेल्या नमुन्यावरही पीसीआरचा प्रयत्न करता येतो, मात्र त्यात यश मिळेलच असे नाही. उपचार या अहवालासाठी थांबत नाहीत.

क्रिप्टोकोकसचा उपचार कसा असतो?

सुरुवातीला शिरेतून लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन (चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेले बुरशीविरोधी औषध), शरीराच्या दर किलोमागे रोज ३ ते ४ मिलिग्रॅम, आणि सोबत फ्लुसायटोसिनच्या गोळ्या देतात. एचआयव्ही नसलेल्या रुग्णात हा टप्पा बहुधा ४ ते ६ आठवड्यांचा असतो. त्यानंतर आठ आठवडे फ्लुकोनॅझोल मोठ्या मात्रेत आणि मग कमी मात्रेत सहा महिने ते वर्षभर चालते. एचआयव्हीग्रस्तांसाठी आफ्रिकेत यशस्वी ठरलेली, ॲम्फोटेरिसिनच्या एकाच मोठ्या मात्रेची पद्धत २०२२ साली प्रसिद्ध झाली, आणि मोबाईलवर ती वाचून नातेवाईक तिची मागणी करतात. ती आधी निरोगी असलेल्या रुग्णांवर तपासलेली नाही, म्हणून येथे ती तशीच उचलू नये.

गळू असेल तर औषधांनीच बरे होणार नाही का?

काळ्या बुरशीच्या गळूत शक्य असेल तर संपूर्ण गाठ काढणे हेच हिताचे असते. सुईने पू ओढून घेणे किंवा अर्धवट काढणे यांपेक्षा संपूर्ण काढलेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली राहिल्याचे आढळले आहे. बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ गाठ असली तर हे नेहमी साधत नाही. शस्त्रक्रियेनंतर व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल, सोबत ॲम्फोटेरिसिन आणि मिळाल्यास फ्लुसायटोसिन, असा संयुक्त उपचार अनेक महिने देतात. ॲस्परजिलसमध्ये मुख्य औषध व्होरिकोनॅझोल आणि सायनसची शस्त्रक्रिया.

औषधांचे दुष्परिणाम कोणते, आणि फिटच्या गोळ्यांचा त्यांच्याशी काय संबंध?

ॲम्फोटेरिसिनने थंडी वाजते, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरते व मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रक्ततपासण्या वारंवार होतात. औषधाआधी सलाईनची बाटली लावतात ती मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी. ॲम्फोटेरिसिन मात्र सलाईनमध्ये कधीच मिसळत नाहीत, ते फक्त डेक्स्ट्रोजमध्ये देतात.

व्होरिकोनॅझोल प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या वेगाने पचते. एकाच मात्रेवर एका रुग्णात ते कमी पडते तर दुसऱ्याला भास होऊ लागतात, त्यामुळे साधारण पाचव्या दिवशी त्याची रक्तातील पातळी मोजावी. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि शेतकऱ्याला हे घरी जाण्याआधीच सांगायला हवे, कारण पूर्ण बाह्या, टोपी आणि भर दुपारचे काम टाळणे याला दुसरा पर्याय नाही.

फिनायटोइन आणि कार्बामाझेपिन या फिटच्या जुन्या गोळ्या रिफॅम्पिसिनप्रमाणेच व्होरिकोनॅझोलला निष्प्रभ करतात. मेंदूतील गाठीच्या रुग्णाला पहिल्या फिटनंतर त्या सुरू झालेल्या असतात आणि पुढे तशाच चालू राहतात. लेव्हेटिरासेटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीत ही अडचण नाही. कोल्हापुरातून पुण्या-मुंबईला रुग्ण हलवताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

सूज उतरावी म्हणून स्टेरॉईड देत आहेत. ते योग्य आहे का?

क्षयरोगाच्या मेंदूज्वरात स्टेरॉईडने जीव वाचतात. क्रिप्टोकोकसमध्ये सरसकट डेक्सामेथासोन दिल्याने नुकसान झाल्याचे एचआयव्हीग्रस्तांच्या एका मोठ्या चाचणीत २०१६ साली दिसले. गॅटीच्या मोठ्या गाठींभोवती खूप सूज असल्यास तज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात. म्हणून स्टेरॉईड चालू आहे आणि निदान मात्र अजून अंदाजाचे आहे, अशी स्थिती लांबू देऊ नये. चालू स्टेरॉईड घरच्यांनी अचानक बंद करणेही तितकेच घातक आहे.

मणक्यातल्या इंजेक्शनमधून असा संसर्ग झाल्याचे ऐकले. ते खरे आहे का?

होय. २०१२ साली अमेरिकेत एका औषधनिर्मात्याच्या दूषित स्टेरॉईड इंजेक्शनांमुळे ७५० हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि ६० हून अधिक दगावले. त्यात एक्सेरोहायलम ही क्वचित आढळणारी बुरशी सापडली. २०२३ साली मेक्सिकोतील मातामोरोस शहरात शस्त्रक्रियेसाठी मणक्यात दिलेल्या भुलीनंतर फ्युझेरियमचा मेंदूज्वर झाला. त्यामुळे पाठीत इंजेक्शन किंवा सिझेरियनची भूल घेतल्यानंतर काही आठवड्यांत डोकेदुखी सुरू झाली असेल, तर ती तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

प्रतिकारशक्तीच्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

एचआयव्ही, तीन महिन्यांची साखर आणि सीडी४ या संरक्षक पेशींची संख्या या तपासण्या प्रत्येकाच्या व्हाव्यात. एचआयव्ही नसतानाही सीडी४ कमी असलेली माणसे सापडतात. गॅटीच्या काही रुग्णांत जीएम-सीएसएफ या द्रव्याविरुद्ध शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे आढळतात. लहान मूल किंवा तरुण माणसाच्या मेंदूत कॅन्डिडा किंवा काळी बुरशी सापडली तर कार्ड९ या जनुकातील दोषाचा विचार करावा. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते. हे डॉक्टरांना सांगताना लाजू नये, भावंडांच्या तपासणीसाठी ती माहिती लागते.

गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातून घेतलेल्या पुड्यांविषयीही मोकळेपणाने सांगावे. काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असते, आणि वर्षभर ती घेणारा माणूस स्वतःला पूर्ण निरोगी समजत असतो.

हा आजार घरातल्या इतरांना लागतो का?

नाही. ताट-वाटी, अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही.

खर्च किती येतो?

लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनची बाटली ५० मिलिग्रॅमची असते, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे ३ मिलिग्रॅम दिले तरी रोज चार बाटल्या लागतात, आणि हे कित्येक आठवडे चालते. त्यामुळे दाखल होतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला (सरकारी योजनेसाठी मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते लेखी विचारावे. साधे ॲम्फोटेरिसिन पुष्कळ स्वस्त आहे, मूत्रपिंडाला अधिक त्रास देते, पण पैसे नसल्याने उपचार थांबवण्यापेक्षा ते शतपटीने बरे. जमीन गहाण टाकण्याआधी हा पर्याय डॉक्टरांशी बोलावा.

रुग्ण वाचेल का?

क्रिप्टोकोकसचे निदान शुद्ध हरपण्याआधी झाले आणि दाब आटोक्यात राहिला, तर बहुतेक निरोगी रुग्ण वाचतात व कामावर परततात. काळ्या बुरशीच्या गळूचे चित्र कठीण आहे: प्रसिद्ध अहवालांत निम्म्याहून बरेच अधिक रुग्ण दगावलेले दिसतात. तरीही संपूर्ण शस्त्रक्रिया आणि दीर्घ औषधे मिळालेले काही रुग्ण वर्षानुवर्षे चांगले आहेत, म्हणून नाव ऐकूनच रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये.

घरी सोडल्यानंतर काय पाहायचे?

गोळ्या बरे वाटले म्हणून थांबवू नयेत. त्या बंद करण्याची तारीख एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याच्या अहवालावरून ठरते. क्रिप्टोकोकसची प्रतिजन चाचणी बुरशी मेल्यानंतरही अनेक महिने सकारात्मक राहू शकते, केवळ तिच्यामुळे आजार उलटला असे समजू नये. याउलट डोकेदुखी पुन्हा वाढली, नजर धूसर झाली किंवा फिट आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाब मोजून घ्यावा. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी व नंतर महिन्याने कराव्यात. पित्ताची किंवा सर्दीची साधी गोळी घेतानाही औषध दुकानदाराला चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी, कारण पोसाकोनॅझोलचे द्रवरूप औषध आम्लपित्ताच्या गोळ्यांसोबत नीट शोषले जात नाही.